पहिल्या उड्डाणापूर्वी विमानाचे नाक वर करून इंधन मोजा

हौसेने स्वतः बांधलेले विमान पूर्ण झाले, रंग वाळला आणि इंजिन सुरू झाले की बांधणाऱ्याला उड्डाणाचे वेध लागतात. ज्या यंत्रात कित्येक सुट्ट्या आणि संध्याकाळी घातल्या, ते समोर तयार उभे असताना थांबणे फार जड जाते, आणि ती घालमेल माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तरीही या टप्प्यावर पोहोचलेल्यांना मी सर्वांत आधी हेच सांगेन की जमिनीवर इंजिन सुरळीत चालते, एवढ्यावरून इंधनव्यवस्था निर्दोष आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचे अपघात अभ्यासले, तेव्हा इंजिनाची शक्ती जाणे आणि हवेत ताबा सुटणे ही दोन कारणे इतरांच्या कितीतरी पुढे होती. उड्डाणाच्या परवानगीआधी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी सक्तीची करावी, अशी शिफारसही त्या मंडळाने केली.

माझी तयारी याच ठिकाणी अडली, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. माझ्या विमानाच्या टाक्या वरच्या पंखात आहेत आणि मूळ रचनेत इंधन पंपाशिवाय, केवळ स्वतःच्या भाराने कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे इंजिनासाठी इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, उतरत होते. विमान सपाट असताना टाकीचे निर्गमद्वार कार्ब्युरेटरपेक्षा सुमारे ४० सेंटीमीटर उंच असते. परंतु कार्ब्युरेटर त्या द्वाराच्या सुमारे १२० सेंटीमीटर पुढे बसवलेला आहे. चढाईसाठी नाक १२ अंश वर गेले की कार्ब्युरेटरही वर उचलला जातो आणि त्या ४० सेंटीमीटरपैकी जेमतेम १४ उरतात. इंधनाला पुढे ढकलणारा दाब या उंचीतूनच मिळत असल्यामुळे, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडलेला, इंजिनाची मागणी सर्वाधिक आणि जमीन अगदी जवळ, अशा नेमक्या क्षणी पुरवठा सर्वांत क्षीण होतो. सपाट स्थितीत इंधनप्रवाहाचा किमान निकष सहज ओलांडणारी धार नाक वर केल्यावर डोळ्यांदेखत बारीक झाली आणि मोजणी निकषाच्या बरीच खाली आली.

हा निकष सर्वत्र परिचित आहे: केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेत पूर्ण शक्तीच्या वेळच्या मागणीच्या १५० टक्के, तर पंप असल्यास १२५ टक्के प्रवाह मिळाला पाहिजे. इंजिन पूर्ण शक्तीवर ताशी २७ लिटर घेत असेल, तर पंपाविना ताशी ४०.५ लिटर हवेत, म्हणजे ५ लिटर भरायला सुमारे ७ मिनिटे २४ सेकंदांहून अधिक वेळ लागता कामा नये. मोजताना नाक अपेक्षित चढाईच्या कोनापेक्षाही ५ अंश अधिक वर ठेवावे, टाकीत अगदी थोडेच इंधन असावे, झाकण बंद असावे आणि नळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच सोडावी, म्हणजे फिल्टर, झडप आणि प्रत्येक वळण हिशेबात येते. प्रत्येक टाकी स्वतंत्रपणे मोजावी. हे काम उघड्यावर करावे, विमान आणि भांडे तारेने जोडून जमिनीशी संलग्न करावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. यात कोणतीही सवलत नाही. माझ्याकडे एक काटकोनी सांधा काढून टाकावा लागला आणि पंप जोडावा लागला. त्यानंतर पंपाच्या निकषाने मोजणी पुन्हा केली, तेव्हा आकडे जुळले. निकष पुरा होत नसेल तर निराश होऊ नये, कारण हा दोष जमिनीवर सापडला की त्यावर उपाय असतोच.

मोजणीनंतर फिल्टर उघडून पाहिलाच पाहिजे. माझ्या फिल्टरच्या तळाशी ॲल्युमिनियमचा चमकणारा बारीक कीस आणि टाकीच्या सीलंटचे रबरासारखे तुकडे होते, आणि ते बांधणीच्या वेळी टाकी धुतलेली असूनही होते. फिल्टर स्वच्छ निघेपर्यंत इंधन पुन्हापुन्हा वाहू द्यावे. टाकीची हवेची वाट रंगाने किंवा किड्यांच्या घरट्याने बुजलेली नाही, हेही पाहावे.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच. विमान सपाट करून तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन करावे आणि पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचे सारे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू, ठरलेल्या मर्यादेच्या पुढच्या अर्ध्या भागात राखावा. स्टिक (वैमानिकाच्या हातातली नियंत्रणदांडी) उजवीकडे नेल्यावर उजवा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर गेलाच पाहिजे, आणि काय हलले हे आत बसलेल्याने नव्हे, तर बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने मोठ्याने सांगावे. प्रत्येक नट आणि तो सैल होऊ नये म्हणून घातलेली कॉटर पिन व सुरक्षातार अशाच परक्या डोळ्यांखालून जाऊ द्यावी, कारण बांधणाऱ्याला जे तिथे असायला हवे तेच दिसते.

मार्गदर्शकाविषयी माझे मत ठाम आहे. विमानाभोवती फेरी मारून पाठ थोपटणाऱ्यापेक्षा मोजणीची वही मागणारा, आणि ती नसेल तर परत जाणारा माणूस शोधावा. वेगाने टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवरच पळवत, 'थोडी उडी घेऊन पाहू' असे सुचवणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. त्या उडीनंतर उरलेली धावपट्टी बहुधा अपुरी पडते. शिवाय हवेने थंड होणारे नवे इंजिन जमिनीवर फार वेळ चालवल्यास सिलिंडर तापतात आणि पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत. त्या प्रकारच्या विमानाचा ताजा सराव नसेल, तर पहिले उड्डाण अनुभवी वैमानिकाच्या हाती द्यावे. त्याने तुमच्या कष्टांचे मोल तसूभरही घटत नाही.

उड्डाणाचा दिवस कोणालाही आधी कळवू नये, कारण बघायला माणसे जमली की वाऱ्याचा वेग आणि इंजिनाचे तापमान यांपेक्षा त्यांचा वेळ मोलाचा वाटू लागतो. सोबत रेडिओ आणि अग्निशामक घेतलेला एक साहाय्यक पुरेसा आहे, आणि त्या सकाळी कोणताही एक आकडा पटला नाही, तर विमान पुन्हा आत ढकलण्याचा अधिकार त्यालाही असावा.