कपाशीवरील मावा: पंप उचलण्याआधी दोन संख्या मोजाव्यात

कपाशीला पाते लागू लागली आणि आभाळ काही दिवस ढगाळ राहिले, की पानांच्या मागे मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसू लागतो. शेंड्याची पाने आकसतात, खालच्या पानांवर चिकटा (माव्याने सोडलेला गोड, चिकट द्रव) चमकतो आणि फवारणीची घाई होते. या पंधरवड्यात फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी किडीची संख्या मोजावीच, पण तिला खाणाऱ्या मित्रकीटकांचीही मोजावी.

हंगामात माव्याच्या माद्या नराविना थेट पिल्ले घालतात आणि उबदार हवेत तीच पिल्ले साधारण आठवडाभरात पुढची पिढी देऊ लागतात. त्यामुळे आज तुरळक वाटणारा मावा आठ-दहा दिवसांत शेतभर पसरलेला दिसतो. ही वाढ अखंड चालत नाही. पानावर गर्दी झाली आणि रस कमी पडू लागला, की पंख असलेला मावा तयार होऊन दुसरे झाड गाठतो. जोराचा पाऊस दाट आणि विरळ असा भेद न करता मावा धुऊन नेतो. ढालकिडा (लेडीबर्ड बीटल) हा मावा खाणारा मित्रकीटक मात्र जिथे मावा दाट असेल तिथेच अधिक अंडी घालतो. अंड्यापासून प्रौढ होण्यास त्याला ३ ते ४ आठवडे लागत असल्याने त्याची संख्या किडीच्या मागून वाढते, आणि आपली फवारणी बहुधा नेमकी या मधल्या काळात होते. तिच्यात ढालकिडेही मरतात आणि वाचलेल्या माव्याला मग शत्रूच उरत नाही. कॅलिफोर्नियात १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या ढालकिड्याने लिंबूवर्गीय बागांतील पिठ्यासारखी खवलेकीड आटोक्यात आणली होती. १९४० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक वापरलेल्या बागांत ढालकिडे मेले आणि ती पुन्हा उफाळली.

मोजणीसाठी एकरी २० झाडे निवडून प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे पान उलटून पाहावे. सरासरी प्रति पान १० मावा, २ ते ३ तुडतुडे किंवा ८ ते १० प्रौढ पांढऱ्या माश्या, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा विचार करण्याची मर्यादा होय. त्याच पानावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या आकाराची लांबट अळी दिसली तर ती चिरडू नये. ती ढालकिड्याची अळी असून मावाच खाते. फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कडक झालेला मावा दिसला, तर त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशी वाढत आहे किंवा पाठीवर गोल छिद्र पाडून निघून गेली आहे, असे समजावे. अशी पाने बरीच असतील, तर संख्या पातळीच्या आसपास असूनही दोन-तीन दिवस थांबून फेरमोजणी करावी.

पातळी ओलांडलीच, तर सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करावी. या अवस्थेत सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे टाळावीत, कारण त्यांच्यामागून पांढरी माशी उसळते. नत्राचा हप्ता एकदम न देता विभागून द्यावा. लुसलुशीत पानांवर मावा झपाट्याने वाढतो.

बांधाकडेने चवळीची ओळ असल्यास तिच्यावरील मावा पाहून घाबरू नये. तो मुख्यतः वेगळ्या जातीचा असतो, आणि त्याच्यावर पोसलेले ढालकिडे पुढे कपाशीत उतरतात, म्हणून त्या ओळीवर फवारा मारू नये. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर तेथे अधिक बारकाईने पाहावे, कारण चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.