आक्र्यातील बिऱ्हाड: मॉर्मन मिशनवर जाणाऱ्या ज्येष्ठ दांपत्यासाठी

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोकांच्या तोंडी मॉर्मन चर्च. त्याचे मिशनरी म्हटले की पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावलेले दोन तरुण डोळ्यांसमोर येतात. तशीच नामपट्टी लावून निवृत्त पती-पत्नीही परदेशी जातात, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. वास्तविक पश्चिम आफ्रिकेत या चर्चने अधिकृतपणे पाठवलेले पहिले मिशनरी तरुण नव्हतेच. रेंडेल व रेचेल मेबी आणि एडविन व जॅनेथ कॅनन ही दोन प्रौढ दांपत्ये १९७८ च्या नोव्हेंबरात नायजेरियात पोहोचली आणि डिसेंबरात घानातील पहिले बाप्तिस्मे केप कोस्ट येथे झाले. घानाची राजधानी आक्रा येथे २००४ पासून चर्चचे मंदिर आहे. विभागीय कार्यालय आणि तरुण मिशनऱ्यांचे प्रशिक्षण केंद्रही तेथेच असल्याने ज्येष्ठ दांपत्यांना त्या शहरात पुष्कळ काम असते. उपदेश कसा करावा हे चर्च शिकवतेच, म्हणून येथे विचार केला आहे तो परमुलखात बिऱ्हाड कसे थाटावे आणि दिवस कसा घालवावा याचा.

ज्येष्ठांची सेवा साधारणतः ६ ते २३ महिन्यांची असते आणि तिचा खर्च दांपत्याने स्वतः करायचा असतो. अर्ज बिशप (या चर्चमध्ये स्थानिक मंडळीचे प्रमुख) किंवा लहान मंडळीच्या शाखाध्यक्षांमार्फत जातो. त्यासोबत वैद्यकीय व दंतवैद्यकीय तपासणीचे अहवाल लागतात. मुदत ठरवताना उत्साहापेक्षा घरच्या जबाबदाऱ्यांकडे पाहावे. आई-वडील नव्वदीला आले असतील किंवा सून बाळंत व्हायची असेल, तर कमी मुदत मागण्यात कमीपणा नाही. भाडे, किराणा, पेट्रोल, फोन आणि विमा यांचा महिन्याचा अंदाज मांडून निघण्यापूर्वीच निवृत्तिवेतन व बँकेचे व्यवहार मुलांपैकी कुणा एकाच्या देखरेखीखाली सोपवावेत. अमेरिकेतील मेडिकेअर सर्वसाधारणपणे देशाबाहेर लागू होत नाही आणि भारतातील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींचेही तसेच आहे. म्हणून परदेशातील उपचारांचा स्वतंत्र विमा आधी आणि विमानाची तिकिटे नंतर, असाच क्रम ठेवावा.

आरोग्याच्या तयारीत दोन गोष्टींना वेळ लागतो. घानात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र आवश्यक असते आणि लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांना क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. भारतात ती अधिकृत केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक परतीपर्यंत पासपोर्टसोबत जपावे, कारण घानाहून प्रमाणपत्राविना भारतात उतरणाऱ्यास ६ दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. दुसरी गोष्ट हिवतापाची. प्रतिबंधक गोळ्यांपैकी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल व डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागतात, तर मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराच्या औषधांसोबत यांतील कोणती चालेल, हे डॉक्टरांनीच ठरवावे. नेहमीच्या औषधांचा काही महिन्यांचा साठा, त्यांच्या मूळ रासायनिक नावांसह लिहिलेली चिठ्ठी आणि चष्म्याची जादा जोडी हातातल्या सामानातच असावी.

आक्र्याला पोहोचल्यावर मिशन कार्यालयातील मंडळी लगेच काम सोपवू पाहतील. त्यांना नम्रपणे थोडे थांबवून पहिले दिवस घर लावण्यात घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या दांपत्याच्या स्वयंपाकघरात पाणी नाही, ते दुसऱ्यांच्या उपयोगी फार काळ पडत नाही. नळाचे पाणी रोज येईलच याची खात्री नसल्याने बहुतेक घरांना मोठी टाकी असते; तिची पातळी पाहण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. पिण्यासाठी बाटलीबंद किंवा पिशवीतले पाणी वापरतात, आणि अर्ध्या लिटरच्या त्या पिशव्या गोणीच्या हिशेबाने घरपोच मिळतात. वीज २३० व्होल्टची असल्याने भारतातील उपकरणे चालतात, मात्र चौकोनी पिनांच्या सॉकेटसाठी अ‍ॅडाप्टर लागतो. वीज जाण्या-येण्याला तेथे ‘दुमसोर’ म्हणतात आणि त्यावर विनोदही पुष्कळ होतात. बॅटरीचे दिवे, फ्रिजसाठी स्टॅबिलायझर आणि खिडक्यांना फाटकी नसलेली जाळी एवढे असले की रात्र सुखाची जाते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास सहारातून हरमाटन वारा धूळ घेऊन येतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या दिवसांत दारे-खिडक्या लावून घ्याव्यात व इनहेलर जवळ ठेवावा.

मराठी घरातून गेलेल्यांना जेवणाची चिंता वाटते, ती बरीचशी अनाठायी आहे. तांदूळ, चवळी, शेंगदाणे, भेंडी, वांगी, टोमॅटो आणि मिरच्या बाजारात मुबलक मिळतात. कोंटोमिरे ही तिथली पालेभाजी अळूच्याच कुळातली असून तिची पातळ भाजी घरच्यासारखी लागते. चवळीची ‘रेड-रेड’ ही उसळ लाल पामतेलात शिजवून तळलेल्या केळ्यांबरोबर खातात. शाकाहारी असाल तर तीत सुकी मासळी घातली आहे का, हे आधी विचारावे. प्रेशर कुकर सोबत न्यावा. हळद, हिंग, गोडा मसाला यांची पुडकी नेली म्हणजे झाले. बाकीचा भारतीय किराणा आक्र्यात मिळतो.

चहा-कॉफी, मद्य आणि तंबाखू चर्चच्या नियमानुसार वर्ज्य असतात, आणि घानातील पाहुणचारात हा प्रश्न सारखा उभा राहतो. तेथे मायलोसारख्या गरम पेयालाही सर्रास चहाच म्हणतात, तेव्हा नकार देण्यापूर्वी कपात काय आहे ते पाहावे. जास्वंदीच्या कुळातील फुलांचे ‘सोबोलो’ हे लाल सरबत नि:शंक प्यावे. पाहुणा घरी आला की आधी पाणी देतात आणि मगच येण्याचे कारण विचारतात; बाहेरचे पाणी सोसत नसेल तर आपली बाटली सोबत ठेवावी, पण पुढे केलेला पेला दोन्ही हातांनी किंवा उजव्या हाताने स्वीकारावा. डाव्या हाताने देणे-घेणे तेथेही असभ्य समजतात. जमलेल्या मंडळींशी हस्तांदोलन उजवीकडून सुरू करून डावीकडे जावे. अंत्यविधी बहुधा शनिवारी, मोठ्या जमावाने, काळ्या-लाल वस्त्रांत होतात. बोलावणे आले तर जावे, कारण त्याने जो जिव्हाळा जुळतो तो शंभर भेटींनी जुळत नाही. इंग्रजी राजभाषा असल्याने काम अडत नाही, तरी ‘मेदासे’ म्हणून आभार मानले की समोरचा खुलतो.

ज्येष्ठ दांपत्यावर तरुण मिशनऱ्यांसारखे काटेकोर वेळापत्रक नसते, आणि पुष्कळांची पंचाईत येथेच होते. कार्यालयातील हिशेब, वाहनांची देखभाल, तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांची पाहणी, जुन्या कौटुंबिक नोंदींचे जतन, मंदिरातील सेवा यांपैकी जे काम मिळाले असेल त्याचे तास स्वतःच ठरवावे लागतात. विषुववृत्ताजवळ बाराही महिने सहाच्या आसपास उजाडते आणि सहाच्याच सुमारास मावळते. म्हणून फिरणे व बाहेरची कामे सकाळी उरकून दुपारचे ऊन घरात किंवा कार्यालयात काढावे. सोमवार हा बहुधा तयारीचा दिवस असतो. धुणे, बाजार आणि पत्रे त्या दिवशी करावीत. रविवारी खरेदी करायची नसल्याने शनिवारी फ्रिज पाहून घ्यावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणे सोडून उपवास करतात, त्यात पाणीही घेत नाहीत. मधुमेह असेल किंवा उपाशीपोटी औषध चालत नसेल तर हा उपवास करू नये, आणि त्याबद्दल संकोचही बाळगू नये.

घानात १९७४ पासून वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतात गाडी चालवण्यात हयात गेलेल्याने पहिले काही आठवडे शेजारी जोडीदाराला बसवून चौकात वळताना मोठ्याने दिशा सांगायला लावावी. संसारात एरवी टोचणारी ही सूचना येथे उपयोगी पडते. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी नेऊ नये.

पैशांची मागणी होईल, हे गृहीत धरावे. शाळेची फी, औषध, अंत्यविधी, कारण खरेच असते आणि मन द्रवते. तरीही हातात रोख रक्कम देऊ नये. अडचण स्थानिक बिशपांच्या कानावर घालावी, कारण उपवासाच्या दानातून, म्हणजे सोडलेल्या जेवणांच्या बदल्यात सभासद देतात त्या पैशांतून, गरजूंना मदत करण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते आणि कुटुंबाची माहितीही तुमच्यापेक्षा त्यांना अधिक असते. एकाला दिले की दुसऱ्याला नाकारण्याचे कारण उरत नाही, आणि तुमच्या मागून येणाऱ्या दांपत्याला त्याचा जाच होतो.

दोघांनी चोवीस तास एकत्र राहणे हा या सेवेतील सर्वांत अवघड भाग आहे. नोकरीच्या वर्षांत प्रत्येकाला आपापली माणसे होती. येथे एकच गाडी, एकच टेबल आणि एकच सहकारी. म्हणून कामे स्पष्ट वाटून घ्यावीत, स्वयंपाक एकट्या सिस्टरवर, म्हणजे पत्नीवर, टाकू नये आणि रोज तासभर एकाने आतल्या तर दुसऱ्याने बाहेरच्या खोलीत गप्प बसून वाचावे. भारत आक्र्याच्या साडेपाच तास पुढे असतो, तेव्हा दुपारी अडीचला फोन केला तर पुण्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि नातवंडे जागी सापडतात. न्यू जर्सीतील मुले हिवाळ्यात पाच व उन्हाळ्यात चार तास मागे असल्याने त्यांच्यासाठी संध्याकाळ राखावी. वार ठरवून दिला की मुलेही मोकळी राहतात.

निघण्यापूर्वी नळदुरुस्ती करणारा, गाडीचा मेकॅनिक, पाण्याच्या गोण्या आणणारा आणि भरवशाचा दवाखाना यांची नावे व क्रमांक एका वहीत लिहून पुढच्या दांपत्यासाठी ठेवावेत. कुकर व बॅटरीचे दिवेही तेथेच सोडावेत. घरी परतल्यावरही हिवतापाच्या गोळ्या बंद करू नयेत. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणखी ७ दिवस, तर डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन आणखी ४ आठवडे घ्यावी लागते. त्यानंतरही काही महिन्यांत ताप आल्यास डॉक्टरांना घानाहून आल्याचे आधी सांगावे.