आयरिश पूर्वजांचा शोध : जुने भाडेपट्टे आणि पॅरिशच्या नोंदी वाचताना या चुका टाळा

आयर्लंडमधील घराण्याचा माग काढू लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगते, की तिकडची कागदपत्रे १९२२ साली जळून गेली, आणि पुष्कळ जण तेथेच थांबतात. यादवीच्या काळात ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सरकारी दप्तरखाना भस्मसात झाला, हे खरे आहे. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची बहुतेक पत्रके आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाच्या बाप्तिस्मे-विवाहांच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्यात गेल्या. मात्र कॅथलिक नोंदवह्या त्या दप्तरखान्यात कधी जमाच झालेल्या नव्हत्या, आणि १७०८ साली सुरू झालेले जमिनीच्या दस्तांचे नोंदणी कार्यालय निराळ्या इमारतीत असल्यामुळे सहीसलामत राहिले. बहुसंख्य आयरिश लोक कॅथलिक होते, हे लक्षात घेतले तर नुकसान मोठे असूनही वाट बंद झालेली नाही.

नाव आधी, ठिकाण नंतर

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे केवळ नावावरून शोध घेणे. कॉर्क परगण्यात सलिव्हन किंवा मर्फी आडनावाची माणसे इतकी आहेत, की जुळणारे नाव सापडणे हा कसलाच पुरावा ठरत नाही. आयरिश नोंदींचा खरा पाया टाउनलँड हा आहे. कधी काही डझन, तर कधी काहीशे एकरांचा हा जमिनीचा सर्वांत लहान विभाग असून देशभरात असे साठ हजारांहून अधिक विभाग आहेत. तेव्हा आधी आपल्या बाजूची कागदपत्रे पिंजून काढावीत. मुंबई इलाख्यात पलटणीत असलेल्या आयरिश शिपायाचे वंशज असाल, तर त्याच्या सैन्यातून निवृत्तीच्या कागदावर जन्माचा पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर) आणि परगणा बहुधा लिहिलेला असतो, आणि इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफनांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

ठिकाण कळल्यावरही दोन खड्डे असतात. सरकारी पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या सीमा व नावे पुष्कळदा वेगळी असतात, त्यामुळे जमिनीच्या नोंदीतील पॅरिशचे नाव घेऊन थेट नोंदवही शोधू गेल्यास काहीच हाती लागत नाही. शिवाय १८२४ नंतर झालेल्या ऑर्डनन्स सर्व्हेने (नकाशांसाठीच्या सरकारी मोजणीने) टाउनलँडच्या नावांची स्पेलिंगे ठरवून टाकली. त्याआधीच्या पट्ट्यांत तेच नाव चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते.

पट्टा वाचताना

अठराव्या शतकातील अनेक पट्टे ठरावीक वर्षांऐवजी तीन जिवांसाठी दिलेले असत. पट्ट्यात तीन माणसांची नावे लिहीत आणि त्यांतील शेवटचे माणूस मरेपर्यंत जमीन कुळाकडे राही. कूळ स्वतः, त्याची बायको, त्याचा नऊ वर्षांचा मुलगा, अशी नावे वयासह मिळाली तर शोधकर्त्याचे नशीबच उघडले म्हणायचे. परंतु तिन्ही नावे नात्यातलीच असतील असे गृहीत धरणे चुकीचे आहे. शेजाऱ्याचे किंवा जमीनमालकाचे मूल, इतकेच काय, राजपुत्राचे नावही घालत असत, कारण तो जिवंत आहे की नाही हे सर्वांना ठाऊक असे! नात्याचा शब्द स्पष्ट लिहिलेला नसेल, तर ते नाव वंशावळीत चढवू नये.

येथे कायद्याची माहिती उपयोगी पडते. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा, आणि म्हणून जिवांसाठीचाही, पट्टा घेण्यास मनाई होती, आणि १७७८ साली ती सैल होऊन ९९९ वर्षांपर्यंतचे किंवा पाच जिवांपर्यंतचे पट्टे त्यांना मोकळे झाले. म्हणून १७५० च्या सुमाराचा तीन जिवांचा पट्टा आपल्या कॅथलिक पूर्वजाच्या नावे दिसला, तर आनंद करण्यापूर्वी थांबावे : तो माणूस बहुधा दुसराच असतो, किंवा त्याने पंथ बदललेला असतो.

नोंदणी कार्यालयात मूळ पट्टा नसतो. तेथे त्याचा नोंदवलेला गोषवारा असतो, आणि तो पट्ट्यानंतर कित्येक वर्षांनी, एखादा वाद उभा राहिल्यावरही नोंदवलेला असू शकतो. दस्ताची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी टिपून ठेवावी. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने, फेब्रुवारी १७३५ अशी तारीख आजच्या हिशेबाने १७३६ मधली ठरते. नावांची सूची जमीन देणाऱ्याच्या नावाने केलेली आहे. कुळाच्या नावाने शोधून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जमिनीच्या सूचीतून टाउनलँड धरून पुन्हा पाहावे. अर्थात लहान शेतकरी बहुधा वर्षाच्या बोलीवर जमीन कसत आणि त्यांच्या हाती कागदच नसे. अशा कुटुंबांसाठी जमीनदाराच्या इस्टेटीच्या खंडवसुलीच्या वह्या हाच आधार.

नोंदवही वाचताना

कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रतिमा २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विनामूल्य खुल्या केल्या आहेत. त्या साधारण १८८० पर्यंतच्या आहेत. खेड्यांतील पुष्कळ वह्या १८२० नंतरच सुरू होतात आणि मध्ये वर्षेच्या वर्षे गहाळ असतात, म्हणून नोंद सापडली नाही असे म्हणण्यापूर्वी त्या वर्षांची वही आहे का, हे तपासावे. नावे पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात : याकोबुस म्हणजे जेम्स, ओनोरिया म्हणजे नोरा. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई आणि पहिले मूल कधीकधी माहेरी जन्मे, तेव्हा पहिल्या अपत्याचा बाप्तिस्मा नवऱ्याच्या पॅरिशमध्ये न मिळाल्यास शेजारच्या पॅरिशमध्ये पाहावे. एकाच जोडप्याच्या दोन मुलांचे नाव एकच असेल, तर थोरले मूल दगावले असण्याचा संभव असतो. बाप्तिस्म्याच्या वेळच्या साक्षीदारांची नावे न टिपणे ही चूक फार जण करतात. तीच नावे पुढे पट्ट्यात किंवा शेजारच्या शेतात भेटतात.

सरकारी जन्मनोंद सर्वांसाठी १८६४ पासून आहे. उशिरा नोंदणी केल्यास दंड भरावा लागे, म्हणून आईबाप जन्मतारीख पुढे ढकलत. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसला तर बाप्तिस्म्याची तारीख मानावी. वयांचेही तसेच आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणना ताडून पाहिल्या, तर या दहा वर्षांत पुष्कळ वृद्धांचे वय पंधरा वर्षांनी वाढलेले दिसते, कारण जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागले होते.

ग्रिफिथच्या मूल्यांकनात

१८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले हे मूल्यांकन म्हणजे स्थानिक करासाठी केलेली, जमीन किंवा घर ताब्यात असणाऱ्यांची यादी असून ती जनगणना नव्हे. तीत बायकामुले नाहीत. कुळाच्या समोर ज्याचे नाव आहे तो मूळ जमीनदार असेलच असे नाही, कारण मधला पोटभाडेकरू ठेवणारा मध्यस्थही तेथे येतो. त्याआधीच्या, चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या दशमांश कराच्या वह्यांत बऱ्याच ठिकाणी आयरिश एकर वापरला आहे आणि तो प्रचलित एकराच्या १.६२ पट असतो. क्षेत्रफळ जुळत नाही म्हणून कुटुंब वेगळे ठरवण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहावा. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची दोन माणसे असतील, तर नावापुढे कंसात बहुधा बापाचे नाव असते. ते नसल्यास नंतरच्या दुरुस्तीच्या वह्या पाहाव्यात. आपल्याकडच्या फेरफारासारखे त्यांत जुन्या कुळाचे नाव खोडून नवे नाव निराळ्या शाईने लिहिलेले असते, आणि त्या वर्षाच्या आसपास दोघांपैकी कोणाची मृत्यूनोंद सापडते, यावरून आपला माणूस कोणता हे ठरवता येते.