'रक्तातच होतं' असं लिहू नका: युद्धेतिहासाला नव्यानं येणाऱ्यांसाठी

शिवाजी विद्यापीठात इतिहासाला येऊन 'मराठ्यांची युद्धपद्धती' हा विषय धरणार असाल तर एक ऐका. 'गनिमी कावा मराठ्यांच्या रक्तातच होता' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये घालू नका. व्हायव्हात तिथंच अडवतात. मलाही अडवलं होतं. अजून आठवलं की कान तापतात.

रक्तात काही नसतं हो. पाऊस असतो, पेरणी असते, घोड्याच्या चंदीचा खर्च असतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीला निघायच्या, पावसाळ्याआधी परतायच्या. शिपायांत शेतकरीच जास्त. आपल्या कोल्हापुरातल्या दसरा चौकातला सोहळा ही त्याच हंगामाची खूण.

आता खरी गोम. रिवाज असतो तसा तो मोडणाराही असतो, आणि आपण नेमका त्यालाच विसरतो. 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. पाऊस लागला की वेढा ढिला पडणार, हा त्या काळचा हिशेब. जौहर भर पावसात हलला नाही. शेवटी जुलैत महाराजांना रातोरात विशाळगडाकडं निसटावं लागलं. पन्हाळ्यावरून शेजारचा पावनगड बघा. ती टेकडी शत्रूच्या तोफांना सोयीची होती, म्हणून महाराजांनी नंतर तिथंच गड बांधला. पुढं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात नियमच आला: गडाजवळ दुसरा डोंगर नसावा, असलाच तर सुरुंगानं फोडावा, नाही जमलं तर बांधून मजबूत करावा. आधी ठेच, मग रिवाज. 'स्वभाव' म्हटलं की ही ठेचच गायब होते.

पानिपतचंही तेच. 1761 ला भाऊसाहेबांनी गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, तोफांच्या भरवशावर गोलाची लढाई (फौजेनं गोल धरून, फळी न मोडता लढायची) मांडली. घोड्यावर वाढलेल्या सरदारांना जागेवर थांबणं जमलं नाही. पण म्हणून ते कधी शिकलेच नाहीत असं नाही. महादजी शिंद्यांनी पुढं डी बॉईन या युरोपियन सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि 1803 ला असईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीची माणसं घाऊक पाडली.

मोडीला बगल देऊ नका. आज्ञापत्र छापील मिळतं, पण पुरालेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडीतच आहेत. घाबरायचं कारण नाही, सुरुवातीला अक्षर लागतच नाही, मग एकदम लागायला लागतं. यूट्यूबवरच्या व्याख्यानांवर प्रकरण उभं करणाऱ्यांचं मात्र मी काही ऐकून घेत नाही. गाईडही मोठ्या नावाचा नको, मसुदा वाचणारा हवा. तसा मिळाला नाही तर एखादा सीनियर गाठा; चहा पाजलात की शिव्या घालत का होईना, वाचतो.