कोरी पुंगळी की झाडलेली?

स्वतः काडतुसं पुन्हा भरायची, तर पुंगळ्या लागतात, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी. रायफलीच्या पुंगळ्या "एकदाच झाडलेल्या आहेत हो" म्हणून कुणी देऊ केल्या, की मी एकच विचारतो: कुणाच्या रायफलीतून? सरळ उत्तर आलं नाही, तर जास्त दाबाच्या रायफल काडतुसासाठी मी त्या घेत नाही, कोऱ्या घेतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना मी इतकं ताणून धरत नाही. .३८ स्पेशलसारखं कमी दाबाचं काडतूस असेल, तर रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्याही तपासून बिनधास्त भराव्यात. त्या बहुतेक तोंडाशीच चिरतात, आणि ती चीर डोळ्यांना दिसते.

रायफलीचं दुखणं आत असतं. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडाला की ते फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला टेकतं, मग किंचित आकसतं, आणि आपण डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून पुन्हा मापात आणतो. दर वेळी पितळ कडक होतं आणि पुंगळी लांबते. ही लांबी येते बुडाजवळच्या भिंतीतून. म्हणजे आपण तोंडाशी जे कापून टाकतो, ते बुडापाशी पातळ होऊन आलेलं असतं. ज्याच्या रायफलीचं चेंबर सैल, त्याच्या पुंगळीचं आयुष्य आपल्या हाती येण्याआधीच सरलेलं असू शकतं. मशिनगनमधून आलेल्या लष्करी पुंगळ्या तर हमखास जास्त ताणलेल्या असतात.

हे मी एका पिशवीभर .३०८ पुंगळ्यांवर शिकलो. बाहेरून लखलखीत, सगळ्यांच्या बुडावर एकाच कंपनीचा शिक्का. दुसऱ्या भरणीला बार काढून रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती खीळ, मागे ओढला, तर नुसतं बूड बाहेर आलं; पुढचा सगळा भाग चेंबरमध्ये अडकलेला. चष्मा होता म्हणून डोळ्यांची काळजी नव्हती, पण हात बराच वेळ थरथरत होते. घरी येऊन उरलेल्या एकेका पुंगळीत तार घातली, आणि अकरांत बुडाजवळ आतून खाच लागली.

ती तार अशी करा. पोलादी पेपरक्लिप सरळ करून टोकाशी काटकोनात जेमतेम वळवा आणि ते टोक कानसून अणकुचीदार करा. पुंगळीत बुडापर्यंत घाला, भिंतीला हलकं टेकवून सावकाश वर ओढा. बुडापासून सेंटिमीटरभर वर टोक खाचेत अडकलं, की ती पुंगळी बाद. बाहेरूनही तिथे कधी कधी चमकदार कडं दिसतं. पण डायच्या घासण्यानेही तसाच पट्टा उमटतो, म्हणून निकाल तारेचा मानावा.

बाकीची तपासणी झटपट होते. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवा. मडकं वाजवून घेतात तसंच आहे हे. चिरलेली बद्द वाजते. आत उजेड टाकून बुडाकडे पाहा: मधोमध एक भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, बाजूला दोन असतील तर बर्डन. बर्डन बाजूला ठेवा, नेहमीच्या पिनने त्यांचा प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, निघत नाही. नवा प्रायमर अंगठ्याच्या जोराने आत सरकला, तर त्याचा खळगा सैल झालाय. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवतीची कड दाबलेली असते, ती आधी काढावी लागते. शिवाय तिची भिंत बहुधा जाड आणि आतली जागा कमी असते. म्हणून दारूचं माप जुन्या पुंगळीवरून उचलू नका. भरणीच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून नव्याने चढत या.

चकाकीला भुलू नका. पितळाला अमोनियाचं वावडं आहे. ब्रिटिश सैन्याची हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असताना आपोआप तडकत. त्यामागे घोड्यांच्या मुतातला अमोनिया आहे, हे १९२१ साली उलगडलं. कशाने घासल्यात ते ठाऊक नसलेल्या आरशासारख्या पुंगळ्या मी नाकारतो.

कोऱ्या घेतल्या म्हणून थेट भरायला बसू नका. प्रवासात तोंडं चेपलेली असतात; पुंगळीची मान डायमधून काढा, लांबी मोजा, तोंडाची आतली-बाहेरची कड मारा. .३०८ची कमाल लांबी २.०१५ इंच, छाटताना २.००५ वर आणा. पहिल्या बाराला पुंगळी तुमच्या चेंबरचा आकार घेते, त्यामुळे त्या बारावरून अचूकतेचा निकाल देऊ नका. माझा खरा भरवसा दुसऱ्या भरणीपासून सुरू होतो: कोऱ्या घेतलेल्या, माझ्याच रायफलीत झाडलेल्या. बुडाशी पट्टा असलेल्या मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या, काडतुसाच्या पुंगळ्यांना तर मी कोऱ्यांशिवाय हातच लावत नाही. पट्ट्याच्या पुढेच त्या भराभर ताणल्या जातात.

परवान्याचे नियम आधी पाहून घ्या. झाडलेल्या पुंगळ्यांच्या धुळीत शिसं असतं, म्हणून हातमोजे घाला आणि त्या घरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. शंभराचा एक डबा, एकाच शिक्क्याचा. झाकणावर पेन्सिलीने भरणीचा आकडा. आणि बाद केलेली पुंगळी पकडीने तिथल्या तिथे चेपा, नाहीतर कुणीतरी ती पुन्हा उचलतं.