बॉल पायथनचे पिल्लू खात नसेल तर

बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या परदेशी सापाचे पिल्लू घरी आणले, पण ते अन्नाला तोंडच लावत नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. अशा वेळी पाळणाऱ्याचा जीव वरखाली होतो, दर दोन दिवसांनी उंदीर समोर धरला जातो, पिल्लाला हातात घेऊन पाहिले जाते, आणि नेमके त्यामुळेच ते आणखी बिथरते. माझ्या पिल्लाने सव्वा महिना काहीही खाल्ले नव्हते. त्यातला निम्मा काळ तरी माझ्याच घाईमुळे वाया गेला होता, हे नंतर लक्षात आले. साप हट्टाने उपाशी राहत नाही. त्याला थंडी वाजत असते, भीती वाटत असते किंवा समोरची वस्तू भक्ष्य आहे हे त्याला कळलेले नसते.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. धामण, अजगर, नाग किंवा आपल्या शेतशिवारात सापडणाऱ्या इतर सापांचे पिल्लू पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा ठरतो. असे पिल्लू घरात आढळल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथन हा मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला साप असून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे, त्यामुळे 2022 ची कायद्यातील दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार त्याची परिवेश या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. नोंदणीची आणि खरेदीची कागदपत्रे नसलेले पिल्लू घेऊ नये.

आता मूळ विषयाकडे वळू. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात टाकेपर्यंत त्याला अन्नाची गरज भासत नाही. म्हणून विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: पहिली कात कधी टाकली, त्यानंतर किती वेळा खाल्ले, आणि काय खाल्ले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण जिवंत उंदराच्या पिल्लांवर वाढलेल्या सापाला गोठवलेला उंदीर एकदम दिला तर तो त्याला ओळखतच नाही. डोळे निळसर, दुधाळ दिसत असतील तर पुन्हा कात टाकायची वेळ जवळ आली आहे असे समजावे आणि कात पूर्ण निघेपर्यंत अन्न देऊ नये.

त्यानंतर सापाचे घर तपासावे. निसर्गात हे साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहतात. काचेच्या मोठ्या, मोकळ्या पेटीत ठेवलेले पिल्लू दिवसरात्र धास्तावलेले असते. पाच-सहा लिटरचा, घट्ट झाकणाचा, बाजूंना बारीक भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाला वर्तमानपत्र, पाण्याची जड वाटी आणि लपायला एकसारख्या दोन जागा एवढे त्याला पुरेसे आहे. लपायची जागा अशी असावी की वेटोळे घातल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत. माझ्याकडे उलट्या ठेवलेल्या, कडेला फोडून दार केलेल्या मातीच्या छोट्या कुंड्या आहेत. एक उबदार टोकाला आणि दुसरी थंड टोकाला ठेवावी, म्हणजे ऊब आणि आडोसा यांपैकी एकच निवडण्याची वेळ पिल्लावर येत नाही.

उबदार टोकाचे तापमान 31 ते 32 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाचे 26 अंशांच्या आसपास हवे. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावू नये, कारण पोट भाजेपर्यंत साप तिच्यावरून हलत नाही असे होऊ शकते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 15 अंशांपर्यंत उतरतो आणि खोलीही बरीच गार होते. त्या दिवसांत डबा खिडकीपासून आणि फरशीपासून दूर ठेवावा आणि तापमान पहाटे मोजावे, दुपारी नव्हे. माझी चूक इथेच झाली होती. संध्याकाळी काट्यावर 31 अंश दिसत, पण पहाटे पाच वाजता तोच काटा 23 वर आलेला असे, आणि इतक्या गारव्यात अन्न पचणार नाही हे सापाचे शरीर जाणत असते. वळवाच्या पावसात लाईट गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याबाहेर टेकवून ठेवावी. हवेतील आर्द्रता 55 ते 65 टक्के असावी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती वाढवण्याऐवजी ओलसर झालेला कागद रोज बदलण्याकडेच लक्ष द्यावे लागते.

एवढे जमल्यावर पूर्ण सात दिवस पिल्लाला हात लावू नये. पाणी बदलावे, विष्ठा काढावी आणि डबा झाकून ठेवावा. पाहुण्यांना दाखवण्याचा मोह आवरणे हाच या उपायातला सर्वांत कठीण भाग आहे.

भक्ष्याचे वजन पिल्लाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावे. नवजात पिल्लू बहुधा 50 ते 80 ग्रॅमचे असते, म्हणजे केस फुटलेले सहा ते दहा ग्रॅमचे उंदराचे पिल्लू योग्य ठरते. उंदराच्या अगदी गुलाबी, केस नसलेल्या नवजात पिल्लाकडे (पिंकी) सापाची काही पिल्ले दुर्लक्ष करतात. घरातले किंवा शेतातले उंदीर मात्र देऊ नयेत, त्यांच्या पोटात विषाचे दाणे किंवा जंत असू शकतात. गोठवलेला उंदीर पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, मग अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून पूर्ण कोरडा करावा. मायक्रोवेव्ह वापरू नये; बाहेरून शिजतो आणि आतून बर्फच राहतो. बॉल पायथनच्या ओठांवरच्या बारीक खळग्यांना उष्णता जाणवते, म्हणून देण्याच्या क्षणी उंदराचे डोके 38 अंशांच्या आसपास उबदार असले पाहिजे.

रात्री नऊनंतर, खोलीतला दिवा मंद करून, लांब चिमट्याने उंदराला कमरेपाशी धरून लपायच्या जागेच्या दारासमोर न्यावे. नाकावर आदळू नये. वीतभर अंतरावरून जिवंत प्राणी चालतो तसे हळूहळू सरकवावे. जीभ भराभर आत-बाहेर होते, मग तिचा वेग मंदावतो, मान मागे जाऊन इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. त्या क्षणी आपला हात स्थिर हवा. झडप इतकी वेगाने येते की दिसते ती थेट घातलेली वेटोळीच. चिमटा सोडून द्यावा, दिवा घालवावा आणि तासभर तिकडे फिरकू नये. डोके मागे घेऊन साप लपू लागला तर त्याच्या मागे लागू नये; उंदीर दारातच ठेवून डबा झाकावा आणि सकाळी उरलेला असल्यास टाकून द्यावा.

नकार मिळाल्यास पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी करावा, त्याआधी नव्हे. तेव्हा एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने काम झाले ते कळते: कधी पांढऱ्याऐवजी करडा उंदीर, कधी उंदरांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा लावून वास वाढवणे, कधी पिल्लाला उंदरासह लहान, अंधाऱ्या डब्यात रात्रभर ठेवणे. मेलेल्या उंदराच्या कवटीला सुईने छिद्र पाडून आतला द्रव बाहेर आणण्याचा उपाय पाहायला त्रासदायक आहे, पण माझ्या पिल्लाने पहिला घास त्यामुळेच घेतला. जिवंत भक्ष्य द्यावेच लागले तर डोळे न उघडलेलेच द्यावे आणि एक क्षणही नजर हटवू नये, कारण मोठा उंदीर सापाला गंभीर चावतो.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्लेही येतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आपल्या सर्वांच्या मनात इतकी रुजलेली आहे की वाटीभर दूध ठेवा, असे कोणीतरी सांगतेच. दूध हे सापाचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप ते पितो आणि त्याला ते पचत नाही. खिम्याचा गोळाही चालत नाही, कारण हाडांतले कॅल्शियम आणि यकृतातली जीवनसत्त्वे अख्ख्या भक्ष्यातूनच मिळतात.

वजन मात्र आठवड्यातून एकदा, गुजरीतल्या सराफाकडे असतो तशा ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर करावे. पिल्लाला उघड्या हातात न घेता झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवून, डब्याचे वजन वजा करून आकडा वहीत लिहावा. वजन स्थिर असेल तर एक-दोन महिन्यांच्या उपवासानेही घाबरून जाण्याचे कारण नाही. ते दहा टक्क्यांनी घटले, पाठीचा कणा धारदार दिसू लागला, कातडीला सुरकुत्या पडल्या, तोंडातून लाळ किंवा श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर प्रयोग थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे न्यावे. तोंड उघडून भरवण्याचे काम त्यांच्याकडून किंवा अनुभवी पाळणाऱ्याकडून समोर बसून शिकल्याशिवाय करू नये. जबडा, दात आणि अन्ननलिका यांना होणारी इजा पिल्लाच्या जिवावर बेतते.

पहिला घास गिळल्यावर निदान 48 तास त्याला उचलू नये. अन्न उलटून पडले तर दहा ते चौदा दिवस काहीही न देता तापमान पुन्हा तपासावे आणि पुढचे भक्ष्य आधीच्या निम्म्या आकाराचे निवडावे. नाही उलटले, तर सातव्या दिवशी, त्याच वेळी, त्याच चिमट्याने, त्याच रंगाचा उंदीर द्यावा. सलग चार-पाच वेळा असेच खाल्ल्यावर भक्ष्याचा प्रकार बदलण्याचा विचार करावा.