हेडफोन घ्यायला चष्मा लावूनच जा

कोल्हापुरात राजारामपुरीत हेडफोन बघायला गेलात, तर दुकानदार लावेल त्या धडधडत्या गाण्यावर भुलू नका. तुम्हाला पाठ असलेलं गाणं स्वतःच्या फोनवर, इक्वलायझर (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करणारी सोय) बंद ठेवून लावा. मी लावणी लावते. ढोलकीच्या बारीक तोंडाची टणक थाप आणि मोठ्या तोंडाचा घुमारा वेगवेगळे ऐकू यायला हवेत, गाणारीचा आवाज त्यात दबता कामा नये. दोन हेडफोन ताडून बघताना आवाज सारखाच ठेवा. जरा मोठा वाजणारा नेहमी सरस वाटतो.

आणि निदान 15-20 मिनिटं डोक्यावरून काढू नका. चष्म्याच्या काडीमुळे कानावरच्या गादीखाली फट राहिली की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, गळतो, कानामागेही टोचतं. पुण्यापर्यंत एसटीत ते सोसवत नाही.